शिवून घातलेली चार पानं

आमच्या बाई पुस्तक देत, पण लगेच सोडत नसत. मुलगा हात पुढे करून पुस्तकाचं एक टोक धरायचा आणि दुसरं टोक बाईंच्या मुठीतच राहायचं. चष्म्यावरून त्याच्याकडे बघत त्या विचारायच्या, "यातलं माणूस कुठं राहतं?"

नव्या मुलांना वाटायचं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. कोणी हसायचं, कोणी पुस्तक ओढून बघायचं. बाई ओढू देत नसत. एकदा एक मुलगी संख्याशास्त्राचं पुस्तक न्यायला आली आणि म्हणाली, मॅडम, यात माणसं नाहीत, आकडे आहेत. बाई म्हणाल्या, "मग मोजलंय कोणाला, मांजरांना?" शेवटी ती मुलगी पाठमोरी होऊन पुटपुटली, "असतील कुठेतरी गोवंडीला." तेव्हा पुस्तक सुटलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. साधी गोष्ट साधेपणाने होऊ देत नाहीत. लांबून बघणाऱ्याला गंमत वाटते. मी जवळ होते, आणि पुढे त्या प्रश्नाचं उत्तर मीच निघाले, म्हणून लिहिते आहे. लिहायची मला सवय नाही. गावी चौथी झाले आणि शाळा सुटली.

मुलुंडला समाजकार्य शिकवणारं एक कॉलेज आहे, तिथल्या लायब्ररीत मी झाडलोट करते. ठेकेदाराकडून लागले, अजून त्याच्याकडेच आहे. बाई तिथल्या ग्रंथपाल. सगळे त्यांना लायब्ररी मॅडम म्हणायचे. मला मॅडम म्हणायला जीभ वळायची नाही. शाळेतल्यासारखं बाईच म्हणायचे. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. घरी फळी पुसतात तशी ओल्या फडक्याने पुस्तकं पुसली, एकूण एक, मन लावून. दोन दिवसांनी एका कपाटातली सगळी पुस्तकं पावासारखी वर आली. बाईंनी मला त्या कपाटाशी नेलं आणि वरची पाटी वाचायला लावली. पाटी होती 'सामाजिक समस्या'. त्या म्हणाल्या, "आधीच काय कमी होत्या, तू त्या फुगवल्यास." मला रडू येत होतं आणि त्या हसत होत्या. मग कोरडं फडकं कसं धरायचं, पुस्तकाचा माथा आधी का झटकायचा, ते सगळं दाखवलं. पण त्याआधी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. मी पाटी वाचली होती.

बाई कुर्ल्याला राहायच्या, एकट्या. मूळच्या बीडकडच्या. आवाज खणखणीत. लायब्ररीत शांतता राखा असं त्यांनीच लिहून लावलं होतं आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असायचा. मुलांना परीक्षेआधी विषय हवा असायचा, तोही सोपा. एक जण म्हणाला, मॅडम, जरा छोटा प्रॉब्लेम द्या ना, पन्नास पानांतला. बाई म्हणाल्या, "छोटा नाही माझ्याकडे. सगळ्यात छोटा माझ्या कमरेचा आहे, नेतोस?" तो मुलगा पुढे खरंच बाईंच्या वयाच्या बायकांच्या कंबरदुखीवर अभ्यास करून आला. पापडाच्या कारखान्यातल्या बायका शोधल्या त्याने. त्याला बाईंनी टोक न धरता पुस्तकं दिली.

दुपारी वर्दळ थांबली की आम्ही कात्रणं चिकटवायचो. बाई पाच वर्तमानपत्रं कापायच्या. पाणी, पुनर्वसन, दारू, शाळा सुटलेली मुलं, कंत्राटी कामगार अशा वेगवेगळ्या फायली होत्या. डिंक लावायचं काम माझं. कुठलं कात्रण कुठल्या फाईलला जातं हे कळायला मथळा तरी वाचावा लागायचा. आधी मी बाईंना विचारायचे. मग त्या मुद्दाम बहिऱ्या व्हायला लागल्या. असं करत वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेलं माझं वाचन सुरू झालं. कंत्राटी कामगारांची फाईल चिकटवताना त्या म्हणायच्या, "हे नुसतं चिकटवू नकोस. हे तुझंच आहे."

आता मूळ गोष्ट सांगते.

कॉलेजने मुलांसाठी एक अभ्यास-पुस्तिका छापली होती. वस्तीत जाऊन आधीच्या मुलांनी ज्या माणसांचे अभ्यास लिहिले, त्यातले निवडक. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला ती वाचावी लागायची आणि पेपरात त्यावर प्रश्न हमखास यायचा. चाळीस प्रती होत्या, पिवळ्या पुठ्ठ्याच्या. मी त्या रोज झटकायचे. एके दिवशी एक प्रत पडली, उघडली, आणि मी उचलताना वाचायला लागले.

डोंगरावरची वस्ती, घाटकोपर. दाराला निळा पडदा. नवरा प्लॅस्टिकच्या कारखान्यात. सहा वर्षांची मुलगी तापाने दगावली. आई निरक्षर. आईने मुलीला अंगारा लावून तीन दिवस घरीच ठेवलं. अज्ञान व अंधश्रद्धा यामुळे उपचारास विलंब.

निळा पडदा मी स्वतः शिवला होता.

मुलगी गेल्यावर चार महिन्यांनी एक विद्यार्थिनी आमच्या वस्तीत यायला लागली. चांगली होती. खाली बसायची, पाणी मागून प्यायची. मी तिला सगळं सांगितलं होतं. अंगारा लावला हे खरं. सासूने दिला, मी लावला. आणि अंगारा लावून, मुलीला खांद्यावर टाकून, डोंगर उतरून दवाखान्यात गेले. पहिल्या दिवशी गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे म्हणाले खाट नाही, उद्या या. तिसऱ्या दिवशी गेले तर आधीचा कागद कुठाय म्हणाले. कागद माझ्याजवळ होता, पण तो दुसऱ्या खिडकीचा होता. हे सगळं मी तिला सांगितलं. पुस्तिकेत अंगारा राहिला आणि दवाखाना गेला.

निरक्षर कुठून आलं, तेही मला ठाऊक होतं. त्या मुलीने संमतीचा फॉर्म काढला आणि त्याबरोबर शाईचा पॅड. आधीच्या घरांतून अंगठे घेत आली होती. तिने माझा हात धरला, इतक्या हळुवारपणे, की मला सही येते असं म्हणून तो सोडवून घ्यायचं माझं धाडस झालं नाही. तिला वाईट वाटलं असतं. मी अंगठा दिला.

ही चूक माझी आहे. ती मी लपवत नाही.

मी कोणाला काही बोलले नाही. सात-आठ महिने त्या चाळीस प्रती झटकत राहिले. मग जूनमध्ये नवीन बॅच आली. एक मुलगा पुस्तिका न्यायला आला, बाईंनी टोक धरलं आणि विचारलं. त्याने घडाघडा सांगितलं, "माहीत आहे मॅडम. यातली बाई घाटकोपरच्या डोंगरावर राहते. अडाणी आहे. पोरगी मेली तिची, अंगारा लावत बसली."

मी मागच्या रांगेत होते. माझ्या हातातली पुस्तकं खाली पडली. बाईंनी वळून बघितलं. मुलगा पुस्तिका घेऊन गेला. बाईंनी मला काही विचारलं नाही. दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, तुझ्या दाराला पडदा कुठल्या रंगाचा आहे गं?

मी सांगितलं. मग सगळं सांगितलं.

बाई गप्प बसून ऐकत होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाल्या, "लिही."

मला येत नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, चौथीपर्यंत काय केलंस मग, गोट्या खेळलीस? कागद दिला, पेन दिलं. मी म्हटलं, पेन्सिल द्या, चुकलं तर खोडता येईल. त्यांनी पेन्सिल दिली आणि खोडरबर खणात टाकून कुलूप लावलं. माझी चार पानं व्हायला तेरा दुपारी लागल्या. बाईंनी त्यातलं एक अक्षर बदललं नाही. ऱ्हस्व-दीर्घ सगळं तसंच. मी म्हटलं, बाई, हे शुद्ध करा, मुलं हसतील. त्या म्हणाल्या, "माझ्या आजोबांबद्दल सरकारी दप्तरात जे काही लिहिलं गेलं ते सगळं शुद्ध आहे. त्यात एकही वाक्य खरं नाही."

मग त्या विभागप्रमुख सरांकडे गेल्या. सर स्वभावाने वाईट नव्हते, हे मला सांगायला हवं. दिवाळीला आम्हा बायकांना विसरत नसत. पण ती पुस्तिका त्यांनीच तयार केली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः लायब्ररीत आले, हातात जुनी फाईल. मी पुसत होते. बाईंनी मला हाक मारून शेजारी उभं केलं. मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं.

सर म्हणाले, मॅडम, नाव बदललेलं आहे. कोणाला कळणार आहे?

"तिला कळलं," बाई म्हणाल्या.

सरांनी समजावून सांगितलं. अशी प्रकरणं वाचूनच मुलांना प्रश्नाचं गांभीर्य कळतं. दहा बॅचेस यावर शिकल्या. झालेली नोंद मागाहून बदलायची नसते, आणि बदलायची तर आधार काय? मुलाखत देणाऱ्याची तोंडी तक्रार? मग त्यांनी फाईल उघडून तो फॉर्म टेबलावर ठेवला. माझा अंगठा होता त्यावर. निळा, अजून ठसठशीत. सर हळूच म्हणाले, "यांची संमती आहे. आणि निरक्षर लिहिलं ते काही कोणी मनाने लिहिलेलं नाही."

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. आपलाच अंगठा आपल्याविरुद्ध साक्ष देताना कसा दिसतो ते सांगता येणार नाही.

बाईंनी खण उघडला आणि ठेकेदाराचं, लायब्ररीतच ठेवलेलं हजेरी-रजिस्टर काढलं. रोज सकाळी येताना आणि संध्याकाळी जाताना मी त्यात सही करते. ते त्यांनी सरांसमोर उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. घाई न करता. चार वर्षांची पानं होती. प्रत्येक ओळीला माझं नाव, पूर्ण, आडनावासकट.

"ह्या सह्या कोणाच्या आहेत, सर?"

सरांनी तो फॉर्म उचलून परत फाईलमध्ये घातला.

"एक शब्द तर खोटा निघाला," बाई म्हणाल्या. "आता बाकीचे तपासायचे, का असेच ठेवायचे?"

सर म्हणाले, बैठकीत विषय घेऊ. ती बैठक पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. अशा बैठकांना पाय नसतात तरी त्या पुढे जातात, असं बाई म्हणायच्या.

पण लायब्ररीवाल्याच्या हातात एक गोष्ट असते. पुस्तक फाटलं की ते बाइंडिंगला पाठवायचं, त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. एका सोमवारी मी कामावर आले तर त्या पिवळ्या पुस्तिकांचा कप्पा रिकामा. चाळीसच्या चाळीस बाइंडिंगला गेल्या होत्या. मुलं विचारायला आली की बाई म्हणायच्या, फार झिजल्यात रे. कुठं झिजल्यात, असं एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, "सत्तावीस नंबरच्या पानावर."

मला वाटलं होतं, माझ्यावरचं ते पान काढून टाकतील. मी तसं म्हटलंही. बाई माझ्यावर चिडल्या. "फाडायचं कशाला? उद्या म्हणतील, असं काही आम्ही लिहिलंच नव्हतं. त्यांचं राहू दे. तुझं शेजारी बसव."

पुस्तिका परत आल्या तेव्हा मी एक उघडून बघितली. सत्ताविसाव्या पानानंतर माझी चार पानं शिवून घातलेली. झेरॉक्स होती, पण अक्षर माझं. वर नाव घालायचं का, असं बाईंनी आधी विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं. माझं अक्षर पुस्तकात आहे हेच मला अंगावर आल्यासारखं झालं होतं. मी घरी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मुलं हसली का? दोघं-तिघं हसली. 'दवाखाण्यात' असं मी लिहिलं आहे, त्यावर. पण मग वाचत गेली. एक मुलगी वाचता वाचता उठून नळाशी जाऊन तोंड धुऊन आली. पेपरात नेहमीचा प्रश्न आला, अंधश्रद्धेची भूमिका स्पष्ट करा, आणि निम्म्या मुलांनी खाटेबद्दल आणि खिडकीबद्दल लिहिलं. सरांना कळलं ते असं, पेपर तपासताना.

बाईंना नोटीस आली. परवानगी न घेता छापील साहित्यात पानं जोडली. बाईंनी उत्तर लिहिलं आणि पाठवायच्या आधी मला मोठ्याने वाचून दाखवलं. एकच ओळ होती. पुस्तक अपुरं होतं, ते पुरं केलं. मी म्हटलं, बाई, माझ्यामुळे तुम्हाला कशाला त्रास, पानं काढून टाका. त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळं? मी माझं काम करतेय. तू तुझं कर, तिकडं जळमटं लागलीत बघ."

त्यांना परीक्षा विभागात बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. पस्तीस वर्षं पुस्तकं हाताळलेल्या बाईला पाकिटांवर शिक्के मारायला दिले. मी चहा घेऊन जायचे. तिथेही त्यांचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. नवीन छापलेल्या प्रश्नपत्रिका वाचून त्या तिथल्या क्लार्कला म्हणायच्या, हे विचारणारा कधी वस्तीत गेलाय का रे? तो बिचारा म्हणायचा, मॅडम, मी बोरिवलीला राहतो, मला काय माहीत.

पुढच्या वर्षी पेपरात तो प्रश्न आला नाही. पुस्तिका कपाटात होत्या तशाच राहिल्या.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला. सगळ्यांनी गोड गोड सांगितलं. बाईंना बोलायला उभं केलं तर त्यांनी प्राचार्यांचे नाही, सरांचे नाही, बाइंडरचे आभार मानले. तो काही तिथे आलेला नव्हता. लोक एकमेकांकडे बघत होते. नारळ त्यांनी जाताना माझ्या पिशवीत टाकला. म्हणाल्या, मी एकटी कुठं फोडत बसू.

दोन-तीनदा मी कुर्ल्याला जाऊन आले. घर पुस्तकांनी भरलेलं असेल असं वाटलं होतं. चार भांडी, एक पलंग आणि कात्रणं. कात्रणं चालूच होती. डिंक संपलाय, बरं झालं आलीस, म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्या अंथरुणावर होत्या आणि डोळे पिवळे झाले होते. हॉस्पिटलला चला म्हटलं तर म्हणाल्या, जाऊन आले, खाट मिळाली होती, मीच नको म्हटलं, तिथं फार गप्प बसावं लागतं. नंतर त्यांच्या बहिणीचा फोन आला. बीडला नेलं होतं, तिथेच गेल्या. कॉलेजात सूचनाफलकावर दोन ओळी लागल्या. माझ्याशिवाय कोणी थांबून वाचल्या की नाही, माहीत नाही.

लायब्ररीत आता नवीन मॅडम आहेत. तरुण आहेत, कामाच्या आहेत, माझ्याशी नीट वागतात. सगळं साहित्य कॉम्प्युटरवर चढवायचं काम चालू आहे, म्हणजे मुलांना घरबसल्या मोबाइलवर वाचता येईल. छापील पुस्तिका मग गोदामात जाणार. मागच्या आठवड्यात त्या पिवळ्या पुस्तिकेची पाळी आली. मॅडम एकेक पान मशिनवर ठेवत होत्या, मी टेबलाखालून झाडत होते. सत्तावीस झालं. मग त्यांनी माझी चार पानं बोटात धरली, उलटसुलट करून बघितली आणि बाजूला केली. स्वतःशीच म्हणाल्या, ही अनुक्रमणिकेत नाहीत, कोणी तरी नंतर घातलेली दिसतात.

बाईंना फोन करून विचारावं, तर बाई आता नव्हत्या.

मी झाडू भिंतीला लावला. म्हटलं, मॅडम, तीपण घ्या.

"कोणाची आहेत मावशी? नाव नाही यावर."

"माझी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पानांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. सत्ताविसावं पान काढून वाचलं. मग माझी पानं वाचली, चारही. मी उभीच होते. वाचून झाल्यावर त्यांनी मशिनचं झाकण उघडलं आणि पहिलं पान त्यावर ठेवलं. प्रकाशाची पट्टी माझ्या अक्षरांखालून सरकत गेली.

चार पानं झाली. कॉम्प्युटरवर चौकटी भरायच्या होत्या. लेखकाच्या चौकटीत माझं नाव घातलं, आडनाव विचारून. पुढची चौकट विषयाची. मॅडम म्हणाल्या, मागच्या पानाला अंधश्रद्धा, बालमृत्यू असं आहे, इथेही तेच टाकते.

"ते नको," मी म्हटलं. "दवाखाना लिहा."

"असा विषय यादीत नाही, मावशी."

"मग यादीत घाला."

मी टेबलाला वळसा घालून पडद्यासमोर गेले आणि त्या टाइप करेपर्यंत तिथेच उभी राहिले. द, वा, खा, ना. चारही अक्षरं आली की नाही, मी वाचून बघितलं.